अर्धवट राहिलेल्या महाविद्यालयीन शिक्षणाचे मोल

महाविद्यालयात एक-दोन वर्षे काढून शिक्षण सोडावे लागलेली माणसे प्रत्येक गावात आढळतात. यवतमाळ-धामणगाव मार्गावरील बाभुळगाव तालुकाही यास अपवाद नाही. कोणाचे वडील अंथरुणास खिळले व कापसाच्या वेचणीच्या दिवसांत घरी माणूस उरले नाही. कोणा मुलीचे दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर लग्न झाले व सासर दूरच्या जिल्ह्यात पडले. कोणास रोजच्या एस. टी.च्या भाड्याची सोय होईना. अशा व्यक्तीच्या घरी ट्रंकेच्या तळाशी एखाददुसरी गुणपत्रिका घडी घालून ठेवलेली असते. या कागदास आता काही किंमत आहे काय, हा प्रश्न तिच्या मनात येतो तेव्हा तो विचारण्याजोगा मनुष्य गावात बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे प्राथमिक शिक्षक. कित्येकदा हा प्रश्न खुद्द शिक्षकाचाही असतो. बारावीनंतर शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन सेवेत आलेल्या शिक्षकाला पदवी घ्यावयाची असली, म्हणजे पदविकेची दोन वर्षे पदवीत धरली जातील काय, ही शंका त्याला प्रथम येते.

या प्रश्नाचे 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देणारे लोक पुष्कळ भेटतात, व त्यांच्यामुळे नुकसानच अधिक होते. पूर्वीचा अभ्यास तीन निरनिराळ्या प्रकारे उपयोगी पडू शकतो. तो पुढील अभ्यासक्रमाच्या प्रवेशास लागणारी पात्रता ठरतो, किंवा त्यामुळे एखाद्या विषयापुरती सूट मिळते, किंवा त्याचे श्रेयांक नव्या पदवीच्या हिशेबात जमा होतात. बोलताना या तिहींनाही लोक 'जुने शिक्षण धरले' असेच म्हणतात. परंतु फळ मात्र अगदी भिन्न आहे. पात्रतेने दार उघडते, पण आतील वाट पूर्ण चालावीच लागते. सुटीने एखादी परीक्षा चुकते. श्रेयांक जमा झाले तरच वर्षे वाचतात.

पदविकाधारक शिक्षकाचेच उदाहरण घेऊ. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार दूरशिक्षण पद्धतीच्या बी. एड. अभ्यासक्रमास प्रवेश मिळण्यासाठी उमेदवार हा सेवेतील प्रशिक्षित प्राथमिक शिक्षक असावा, किंवा त्याने मान्यताप्राप्त अध्यापक शिक्षण प्रत्यक्ष वर्गात बसून पुरे केलेले असावे, अशी अट घातली गेली. येथे पदविका कामास आली ती पात्रता म्हणून. अभ्यासक्रम दोन वर्षांचा तो दोन वर्षांचाच राहिला. पदविकेत शैक्षणिक मानसशास्त्र शिकलेल्या शिक्षकाला बी. एड.मध्ये तो विषय पुनः अभ्यासावा लागतो, आणि त्यात अन्याय झाला असे वाटण्याचे कारण नाही. कारण ज्या प्रशिक्षणाच्या बळावर प्रवेश मिळाला तेच पुनः श्रेयांक म्हणून मोजणे म्हणजे एकच नाणे दोन दुकानांत चालविण्यासारखे आहे. बी. ए.च्या बाबतीत अडचण निराळी आहे. प्राथमिक शिक्षणाची पदविका विद्यापीठाने दिलेली नसून राज्याच्या परीक्षायंत्रणेने दिलेली आहे. तिचे गुण विद्यापीठाच्या दप्तरी नाहीत, व तिचे विषय इतिहास, मराठी किंवा अर्थशास्त्र या पदवीच्या विषयांशी जुळतही नाहीत. यास्तव पदविका आहे म्हणून बी. ए.चे एक वर्ष आपोआप कमी होईल, या समजुतीवर कोणीही शुल्क भरू नये.

असे असूनही त्या शिक्षकाने पदवी घेणे व्यर्थ आहे असे मात्र नव्हे. केंद्रीय परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने इयत्ता ६ वी ते ८ वीच्या शिक्षकांसाठी जी किमान अर्हता ठरविली, तीत पदवी व तिच्या जोडीला प्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका हा एक मान्य मार्ग आहे. शिक्षक पात्रता परीक्षा व सेवाप्रवेशाच्या इतर अटी वेगळ्या, त्या पाळाव्याच लागतात. परंतु पदविका हाती असलेल्यास केवळ पदवीची जोड हवी आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही व ते आधी बी. एड.च्या मागे धावतात. बी. एड.ला पदवी लागतेच. तेव्हा पदवी प्रथम, हा क्रम सोयीचा आहे.

आता श्रेयांकांकडे वळू. श्रेयांक म्हणजे अभ्यासाच्या कामाचे माप होय. या मापाचा उगम मोठा मौजेचा आहे. अमेरिकेत १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून एक प्रतिष्ठान निघाले. महाविद्यालयीन अध्यापकांना निवृत्तिवेतन देणे हा त्याचा पहिला उद्योग. पण 'महाविद्यालय' कोणास म्हणावे, हे ठरविल्यावाचून निवृत्तिवेतन कोणास द्यावे हे ठरेना. म्हणून माध्यमिक शाळेत एका विषयास वर्षभरात किती तास दिले याचे एकक बांधण्यात आले, व अशा एककांच्या ठराविक संख्येवाचून विद्यार्थी न घेणारी संस्था तेच महाविद्यालय, अशी कसोटी लावली गेली. विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे हे माप शिक्षकाच्या निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून रूढ झाले, ही गोष्ट शिक्षकवर्गाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मापाचा उपयोग पूर्वीचे शिक्षण मोजण्याकडे करण्यात इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाने मोठे पाऊल टाकले. १९६९ साली त्यास सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये अध्यापन सुरू झाले. तेथे साध्या पदवीस सहा श्रेयांक लागत. पहिल्या तुकड्यांत शाळाशिक्षकांचा भरणा मोठा होता. ही मंडळी अध्यापनाचे प्रमाणपत्र घेतलेली, परंतु पदवी नसलेली. त्या विद्यापीठाने त्यांच्या प्रशिक्षणाकडे केवळ दाराची किल्ली म्हणून पाहिले नाही. पदवीच्या सहांपैकी काही श्रेयांकांची सूट दिली. म्हणजे आपल्याकडील पदविकाधारक शिक्षक ज्या गोष्टीची इच्छा करतो ती अशक्य कोटीतील नाही, ती अन्यत्र घडून गेलेली आहे. फक्त ती विद्यापीठाने जाणीवपूर्वक करावी लागते. विद्यार्थ्याच्या मागणीने होत नाही.

भारतात १९८२ साली आंध्र प्रदेशात पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली, आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. महाराष्ट्रातील शिक्षकांच्या तोंडी 'श्रेयांक' हा शब्द बसला तो मुख्यतः या विद्यापीठामुळे. तेथील अभ्यासकेंद्रांतून रविवारी व सुटीच्या दिवशी संपर्कसत्रे भरत असल्यामुळे वर्ग सोडून न जाता पदवी घेणे प्राथमिक शिक्षकांना शक्य झाले. तथापि एका विद्यापीठात मिळविलेले श्रेयांक दुसऱ्यात न्यावयाचे असल्यास दोन्हीकडील नियम जुळावे लागत, व हे काम कागदोपत्री, शुल्क भरून आणि एकेका प्रकरणाचा स्वतंत्र विचार होऊन चाले.

ही अडचण दूर करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीचे विनियम काढले. पेढी हा शब्द येथे अगदी यथार्थ आहे. विद्यार्थ्याचे खाते उघडते, विद्यापीठ त्यात श्रेयांक भरते, आणि विद्यार्थी पुढे दुसऱ्या संस्थेत गेला तर ते श्रेयांक तेथे वापरता येतात. पण ही पेढी पैशाच्या पेढीहून दोन-तीन बाबतींत निराळी आहे, आणि तेथेच लोक फसतात.

पहिली गोष्ट अशी की, खातेदाराला स्वतः काही भरता येत नाही. गुणपत्रिका घेऊन कोणी गेला तरी पेढी ती स्वीकारणार नाही. भरणा संस्थेनेच करावयाचा. महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाने तो केला नसेल तर खाते रिकामे दिसते, व विद्यार्थी समजतो की आपले शिक्षण बुडाले. तसे नसते. त्याने महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा व अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. दुसरी गोष्ट, २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पुढे मिळविलेले श्रेयांकच या पेढीत चालतात. २०१२ साली बी. ए. प्रथम वर्ष उत्तीर्ण झालेल्या गृहस्थाने पेढीच्या भरवशावर राहू नये. त्याचा मार्ग जुन्या पद्धतीचा, म्हणजे मूळ विद्यापीठात पुनःप्रवेश मिळतो का ते पाहणे, अथवा नव्या विद्यापीठाच्या श्रेयांक-हस्तांतराच्या नियमांत आपली गुणपत्रिका बसते काय याची लेखी विचारणा करणे. तिसरी गोष्ट मुदतीची. पेढीतील श्रेयांक फार तर सात वर्षे टिकतात, आणि एखाद्या विषयापुरती याहून कमी मुदतही ठरविता येते. शेतातील धान्याप्रमाणे त्यासही कीड लागते म्हणा ना. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, व तिची माहिती सर्वांत कमी आहे : ज्या संस्थेकडून पदवी घ्यावयाची, त्या संस्थेत एकंदर श्रेयांकांपैकी निदान निम्मे मिळविलेले असले पाहिजेत.

हा शेवटचा नियम प्रत्यक्षात काय करतो, हे आकड्यांनीच उमगते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आयोगाने जो आराखडा घालून दिला, त्यात एका वर्षाच्या अभ्यासास सुमारे ४० श्रेयांक धरले आहेत. तीन वर्षांच्या पदवीस १२०. समजा, बाभुळगाव तालुक्यातील एका मुलीने या नव्या रचनेखाली दोन वर्षे पूर्ण केली व २०२६ च्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती परजिल्ह्यात गेली. तिच्या खात्यावर ८० श्रेयांक आहेत. वरवर पाहता ४० राहिले, म्हणजे एक वर्ष. ती आपल्या मूळ विद्यापीठातच परत आली, तर हा हिशेब बरोबर आहे. पण सासरजवळच्या दुसऱ्या विद्यापीठातून पदवी घ्यावयाची ठरविल्यास तेथे १२० चे निम्मे, म्हणजे ६० श्रेयांक नव्याने मिळविणे भाग आहे. तिच्या ८० पैकी ६० च कामास येतील. २० वाया जातील. एका वर्षाऐवजी दीड वर्ष लागेल. त्यातही विषय जुळले पाहिजेत. इतिहास मुख्य विषय असलेल्या मुलीने नव्या ठिकाणी समाजशास्त्र घेतले, तर तूट आणखी वाढेल. म्हणून अशा मुलीला पहिला सल्ला हाच द्यावा की, शक्य तोवर विद्यापीठ बदलू नये. माहेरी राहून एक वर्ष काढता येत असेल तर घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलावे. मामंजींना वर्षाचा हिशेब सांगितला तर ते ऐकतात. 'मुलीला शिकू द्या' एवढ्या उपदेशाने बहुधा ऐकत नाहीत.

मुदतीचा हिशेबही याच ठिकाणी करून ठेवावा. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यात, मध्येच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने तीन वर्षांच्या आत परत यावे व प्रथम प्रवेशापासून कमाल सात वर्षांत पदवी पुरी करावी, अशी योजना आहे. वरील मुलीने २०२४ साली प्रवेश घेतला असे धरल्यास तिला २०२९ पर्यंत परतले पाहिजे आणि २०३१ पर्यंत पदवी संपविली पाहिजे. पहिले मूल जरा मोठे झाले की बघू, असे म्हणता म्हणता तीन वर्षे सहज निघून जातात. विद्यापीठाने याहून सवलतीचा नियम केला असल्यास उत्तमच, परंतु तो आहे असे गृहीत धरून थांबणे धोक्याचे.

मध्येच शिक्षण सोडणाऱ्यास रिकाम्या हातांनी जावे लागू नये, अशीही तरतूद त्याच आराखड्यात आहे. पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक व त्याखेरीज व्यावसायिक स्वरूपाच्या चार श्रेयांकांचा उन्हाळी अभ्यास पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र, तर दोन वर्षांचे ८० श्रेयांक व तसाच व्यावसायिक अभ्यास पूर्ण करणाऱ्यास पदविका मिळावी, असे ते आहे. हे चार श्रेयांक पुष्कळांच्या नजरेतून सुटतात. महाविद्यालय सोडण्याचे नक्की झालेल्या विद्यार्थ्याने त्या उन्हाळ्यात तेवढे काम उरकून मगच बाहेर पडावे. नाहीतर वर्षभराच्या अभ्यासाचा लेख राहतो, पण हाती प्रमाणपत्र येत नाही. अर्थात आपल्या महाविद्यालयात ही रचना कोणत्या तुकडीपासून लागू झाली, हे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या परिपत्रकांवरून पाहून घ्यावे लागते. जुन्या रचनेतील विद्यार्थ्यास ती लागू पडत नाही.

अनुभवाचे श्रेयांक मिळतात काय, हा प्रश्न वीस-पंचवीस वर्षे वर्गात घालविलेल्या शिक्षकाने विचारणे स्वाभाविक आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शाळेबाहेर व कामातून मिळविलेले ज्ञानही मोजता यावे, हे तत्त्व मान्य केले आहे. पण त्यात एक अट कायम आहे : त्या ज्ञानाची रीतसर परीक्षा होऊन ते उतरले पाहिजे. सेवेची वर्षे मोजून कोणी श्रेयांक देत नाही, आणि देऊही नये. वीस वर्षे एकच धडा एकाच रीतीने शिकविणारा व वीस वर्षांत वीस रीती करून पाहणारा, हे दोघे सेवापुस्तकात सारखेच दिसतात. तत्त्व मान्य होणे आणि जवळच्या विद्यापीठात त्याची व्यवस्था लागणे यांत अंतर असते. तोवर शिक्षकाने आपल्या कामाची टाचणे, तयार केलेली साधने, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे तारीखवार जपून ठेवावीत. मोजणी कधी काळी झालीच, तर ती कागदांवरूनच होणार.

पूर्वीच्या अभ्यासाची किंमत लावताना पायरी गाळता येते, असा एक समज मध्यंतरी फार पसरला होता. अनेक ठिकाणी प्रथम पदवी नसलेल्या प्रौढांना वयाच्या जोरावर थेट पदव्युत्तर पदवी मिळू लागली. अण्णामलै विद्यापीठाच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी पदवी नियुक्तीसाठी ग्राह्य धरली नाही. विद्यापीठ खरे होते, परीक्षा खरी होती, उमेदवारही उत्तीर्ण झाला होता. तरी मधली पायरी नसल्यामुळे सारे फुकट गेले. आजही 'जुनी गुणपत्रिका द्या, एका वर्षात पदवी घ्या' असे सांगत हिंडणारे दलाल तालुक्याच्या गावी येतात. अशा वेळी दोनच गोष्टी विचाराव्यात. अभ्यासक्रमास त्या वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे काय? आणि जुने किती श्रेयांक, कोणत्या विषयांचे, जमा करणार हे विद्यापीठ आपल्या पत्रावर लिहून देईल काय? दलालाच्या तोंडचा शब्द म्हणजे विद्यापीठाचे पत्र नव्हे. लेखी उत्तर येईपर्यंत शुल्क भरू नये. सेवेतील शिक्षकाने याखेरीज प्रवेशापूर्वी जिल्हा परिषदेची परवानगी घ्यावी, व पदवी मिळताच सेवापुस्तकात नोंद करवून घ्यावी. परवानगी मागाहून मागण्यात जो त्रास होतो, तो अर्धवट शिक्षणाच्या त्रासाहून थोडा नाही.

कागदपत्रांत गुणपत्रिका ही पहिली. पण तेवढीच पुरत नाही. श्रेयांक जमा करताना कोणत्या विषयात काय शिकविले होते, हे नव्या विद्यापीठाला पाहावयाचे असते. म्हणून त्या वर्षीचा अभ्यासक्रम, म्हणजे छापील पुस्तिका, मिळवून ठेवावी. अभ्यासक्रम चार-पाच वर्षांनी बदलतात व जुनी प्रत महाविद्यालयातही सापडत नाही. स्थलांतर प्रमाणपत्र विद्यापीठ बदलावयाचे ठरल्यावरच काढावे, उगाच आधी काढू नये.

आणि नावाचा प्रश्न. श्रेयांक पेढीचे खाते आता 'अपार' क्रमांकाशी जोडलेले असते, आणि तो आधारवरील नावाने निघतो. शाळेतील मुलांचे हे क्रमांक काढताना एका अक्षराच्या फरकाने अर्ज अडकल्याचा अनुभव बहुतेक शिक्षकांना आहे. विवाहित मुलींच्या बाबतीत हा फरक एका अक्षराचा राहत नाही : गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव व आडनाव, आधारवर पतीचे. यंत्राच्या लेखी त्या दोन व्यक्ती होतात. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र असल्यास विद्यापीठाच्या कार्यालयात दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे दाखविता येते; आवश्यक तेथे शासकीय राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. याहून सोपा उपाय असा की, शिक्षण अपुरे असेल तोवर आधारवरील नाव बदलण्याची घाई करू नये. लग्नाच्या गडबडीत हे कोणास सुचत नाही; मुलीच्या वडिलांना ते आधी सांगून ठेवावे.